भाऊबंद विषाणू आणि व्यापक लस

कोव्हिडची साथ ओसरली, तिच्यासाठी उघडलेली विलगीकरण केंद्रे बंद झाली, तिच्या काळात निघालेले हुकूम दफ्तरी दाखल झाले. आणि ज्या प्रश्नाने तेव्हा मंत्रालयापासून वाडीवस्तीपर्यंत सर्वांची झोप उडविली होती, तो आता प्रयोगशाळेतील मंडळींनी आपापसांत सोडवावा, अशी समाजाची वृत्ती झालेली दिसते. करोना विषाणूंच्या एका जातीविरुद्ध आपल्या शरीराने घडविलेली प्रतिपिंडे तिच्या भाऊबंदांनाही ओळखतात काय, आणि ओळखत असतील तर, आज वटवाघळांच्या गुहांत असलेल्या व उद्या मनुष्यवस्तीत उतरू शकणाऱ्या विषाणूंपासूनही रक्षण करील अशी व्यापक लस आगाऊ सिद्ध करून ठेवता येईल काय, हा तो प्रश्न होय. त्याच्या दोन्ही बाजू वजनदार आहेत. म्हणून त्या मी दोन व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत: एक सूक्ष्मजीवशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेले प्राध्यापक, आणि दुसरे जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालेले डॉक्टर. व्यक्ती कल्पित आहेत. मते मात्र या विषयातील जाणत्यांमध्ये आज खरोखरच मांडली जाणारी आहेत.

डॉक्टर : प्राध्यापकसाहेब, सर्व विषाणूंना पुरून उरणारी एक लस, हे शब्द ऐकले की मी सावध होतो. इन्फ्लुएंझाची अशी लस येणार, येणार, असे मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. आणि तरीही त्या लशीत कोणते वाण घालावयाचे याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेला आजतागायत वर्षातून दोनदा, एकदा उत्तर गोलार्धासाठी व एकदा दक्षिण गोलार्धासाठी, घ्यावाच लागतो. करोनाचे तरी निराळे काय? साधी सर्दी आणणारे चार करोना विषाणू माणसांत कायमचे वस्तीला आहेत. लहानपणापासून आपण ते अंगावर काढतो. म्हणजे करोनाच्या कुळाची ओळख आपल्या प्रत्येकाच्या रक्तात २०२० पूर्वीच होती. त्या ओळखीचा उपयोग झाला असता तर ती साथ अशी पेटली असती काय?

प्राध्यापक : उपयोग झाला नाही, हे मला कबूल आहे, त्याचा पुरावा तुमच्यापेक्षा मीच अधिक देतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी साथीपूर्वी साठविलेले रक्ताचे शेकडो नमुने तपासले, तेव्हा सुमारे २० टक्के लोकांच्या रक्तात नव्या विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे आधीपासूनच होती. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत तशीच प्रतिपिंडे मुलांत व किशोरवयीनांत विशेष प्रमाणात आढळली. परंतु पेनसिल्व्हेनियाचे संशोधक तेथेच थांबले नाहीत. ही प्रतिपिंडे ज्यांच्या रक्तात होती त्यांना कोव्हिडची लागण कमी झाली काय, त्यांना रुग्णालयात दाखल होण्याची पाळी कमी आली काय, याचाही त्यांनी तपास केला, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले. ती प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण त्याला निकामी करीत नव्हती.

डॉक्टर : मग वाद संपलाच.

प्राध्यापक : वाद येथे सुरू होतो. चिकटूनही ती निकामी का करीत नाहीत, याचे उत्तर विषाणूच्या रचनेत आहे. त्याच्या पृष्ठभागावर जे स्पाइक प्रथिन असते त्याचे दोन भाग आहेत. टोकाचा भाग आपल्या पेशीवरील ग्राहीला जोडला जातो. खालचा देठासारखा भाग, पेशीला जोडणी झाल्यावर, विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकजीव करतो. देठाला आपले काम करावयाचे तर फारसे बदलून चालत नाही, म्हणून तो कुळात बराचसा सारखा राहतो. टोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते. आता अडचण अशी की, निकामी करणारी जोरदार प्रतिपिंडे बहुतांशी टोकाविरुद्ध तयार होतात, आणि दूरच्या नातेवाइकांना ओळखणारी प्रतिपिंडे बहुतांशी देठाविरुद्ध. सर्दीचे ते चार विषाणू नात्याने फार दूरचे आहेत. २२९-ई आणि एनएल-६३ हे दोघे तर अल्फा नावाच्या निराळ्याच शाखेचे, आणि ओसी-४३ व एचकेयू-१ हे बीटा शाखेचे असले तरी तिच्या वेगळ्या पोटशाखेतले. म्हणून त्यांच्या अनुभवावरून सार्सच्या पोटशाखेविषयी निकाल देणे योग्य नाही. २००२ साली ग्वांगडोंग प्रांतात उद्भवलेला सार्सचा विषाणू आणि २०१९ च्या अखेरीस वुहानमध्ये दिसलेला कोव्हिडचा विषाणू हे सार्बेकोव्हायरस नावाच्या एकाच पोटशाखेचे. दोघांच्या स्पाइक प्रथिनांत सुमारे ७६ टक्के साम्य आहे, आणि दोघेही पेशीवरील त्याच एका ग्राहीचा आश्रय घेतात. मी ज्या व्यापक लशीची आशा करतो ती या पोटशाखेपुरती.

डॉक्टर : पोटशाखेपुरती! म्हणजे मर्स बाहेर?

प्राध्यापक : आज तरी बाहेर. मर्स उंटांतून येतो, निराळ्या ग्राहीला चिकटतो आणि निराळ्या पोटशाखेचा आहे. देठाच्या भागाला धरून सातही मानवी करोना विषाणूंना ओळखणारी काही प्रतिपिंडे माणसांच्या रक्तात सापडली आहेत, हे खरे. पण त्यांची ताकद बेताची आहे, आणि व्याप्ती वाढली की जोर कमी होतो हा अनुभव इतक्या वेळा आला आहे की त्याकडे डोळेझाक करणे शास्त्रज्ञाला शोभणार नाही.

(येथे मला मध्येच एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वृत्तपत्रांतून ‘सर्व करोनांवर एकच लस’ असे मथळे झळकतात. परंतु या क्षेत्रातील गंभीर कार्यकर्ते बहुधा प्राध्यापकांप्रमाणेच आपल्या आशेला मर्यादा घालून बोलतात, आणि ती मर्यादा वाचकांपर्यंत पोहोचत नाही.)

डॉक्टर : मर्यादा घातलीत, हे चांगले केलेत. तरीही माझा आक्षेप कायम आहे. भाऊबंदांचे सोडा, करोनाची स्वतःविरुद्धची प्रतिकारशक्ती तरी टिकते काय? इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या सर्दी-संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना २२९-ई विषाणू नाकात घालून लागण करविली, आणि वर्षभराने तोच विषाणू पुन्हा दिला, तर त्यांतील बऱ्याच जणांना तो पुन्हा लागला. हा १९९० सालचा प्रसिद्ध वृत्तांत आहे. ॲमस्टरडॅममध्ये मोजक्या निरोगी माणसांचे रक्त तीनएक दशके तपासले, तेव्हाही सर्दीचे करोना विषाणू बारा महिन्यांनी पुनःपुन्हा लागतात असेच दिसले. जे शरीर एका विषाणूला वर्षभर अडवू शकत नाही, ते त्याच्या न पाहिलेल्या भावाला अडवील, हे मी कशावरून मानू?

प्राध्यापक : अडविणे आणि वाचविणे यांत अंतर आहे, आणि ते तुम्ही आपल्या नोकरीच्या काळात प्रत्यक्ष पाहिले आहे. कोव्हिडची लस घेतलेल्यांना ओमायक्रॉन लागला. पण लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांतील फार थोडे दगावले. घशात-नाकात विषाणूने पाय ठेवूच नये यासाठी तेथे सतत भरपूर प्रतिपिंडे हजर असावी लागतात, आणि ती काही महिन्यांत ओसरतात. फुफ्फुसापर्यंत मजल जाऊ नये यासाठी स्मृतिपेशी पुरतात. त्या वर्षानुवर्षे राहतात. सिंगापूरमध्ये २००३ साली सार्स झालेल्या माणसांच्या शरीरात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. माझी लस सर्दी थांबवील असे मी म्हणत नाही. न पाहिलेला भाऊ दारात आला तर तो माणसे मारू शकणार नाही, एवढेच तिचे काम. आणि एका विषाणूच्या ओळखीने त्याच्या भावापासून रक्षण होते ही तर लसविद्येची जन्मकथाच आहे. जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीचा पू टोचून माणसाच्या देवीपासून रक्षण करून दाखविले. ती लस बगदाद आणि बसरा या मार्गाने हाताहातांतून मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील पहिले लसीकरण ते हेच. पुढे तीच लस मंकीपॉक्सपासूनही पुष्कळ रक्षण करते, असे आफ्रिकेत दिसून आले.

डॉक्टर : देवीचा विषाणू डीएनएचा, संथपणे बदलणारा. करोना आरएनएचा. त्याची चाल मी महाराष्ट्रातच पाहिली आहे. डेल्टा ज्या वंशातून निघाला तो बी.१.६१७ हा वंश येथल्याच नमुन्यांत ठळकपणे नजरेस आला, आणि एका हंगामात त्याने काय केले हे आठवले तरी अंगावर शहारा येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला तो स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल घेऊन. अशा विषाणूच्या बाबतीत गाईच्या देवीचा दाखला मला पुरेसा वाटत नाही. आणि सोट्रोव्हिमॅबचे काय झाले, ते सांगा.

प्राध्यापक : तुम्ही माझ्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेत. २००३ साली सार्समधून बऱ्या झालेल्या एका माणसाच्या स्मृतिपेशींतून एक प्रतिपिंड मिळाले. ते सार्सलाही निकामी करी आणि कोव्हिडच्या विषाणूलाही. टोकाच्या ज्या जागेला ते चिकटे ती दोघांत सारखी होती. त्यावरून सोट्रोव्हिमॅब हे औषध झाले, मे २०२१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला तातडीची परवानगी मिळाली, आणि अकराच महिन्यांत, ओमायक्रॉनच्या बीए.२ या उपप्रकारापुढे ते अपुरे ठरल्यामुळे, ती मागे घ्यावी लागली. परंतु हे उदाहरण एका प्रतिपिंडाचे आहे. एका जागी चिकटणारे एकच प्रतिपिंड औषध म्हणून दिले, तर ती एक जागा बदलली की सारे संपले. लशीमुळे शरीर अनेक जागी चिकटणारी अनेक प्रतिपिंडे तयार करते. विषाणूला सर्व जागा एकाच वेळी बदलणे अवघड जाते, कारण त्यांतील काही जागा बदलल्या तर पेशीला चिकटण्याची त्याची स्वतःची ताकद कमी होते.

डॉक्टर : तसे झाल्याचा पुरावा?

प्राध्यापक : पुन्हा सिंगापूरचाच. २००३ च्या साथीत तेथे २३८ रुग्ण झाले होते, त्यांतील ३३ दगावले. जे वाचले त्यांपैकी काही जणांनी २०२१ साली कोव्हिडची फायझरची लस घेतली. त्यांचे रक्त लिन्फा वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, आणि त्यात जे दिसले ते मी प्रथम वाचले तेव्हा वाचतच राहिलो. केवळ कोव्हिडमधून उठलेल्या किंवा केवळ लस घेतलेल्या माणसांच्या रक्तात जी व्याप्ती नव्हती ती या मूठभर लोकांच्या रक्तात होती: कोव्हिडचे नवे प्रकार, जुना सार्स, आणि ज्यांनी माणसाला कधीच स्पर्श केला नव्हता असे वटवाघळांतले व खवलेमांजरांतले सार्बेकोव्हायरस, या सर्वांना ते रक्त प्रयोगशाळेत निकामी करीत होते. हे कसे घडले? प्रथम एका भावाची गाठ पडली, अठरा वर्षांनी दुसऱ्याची ओळख लशीतून झाली; दुसऱ्या भेटीत ज्या स्मृतिपेशी जाग्या झाल्या त्या दोघांत समान असलेल्या जागा ओळखणाऱ्या. व्यापक प्रतिकारशक्ती मानवी शरीर निर्माण करू शकते काय, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. कोणतीही नवी युक्ती न लढविता, योगायोगाने, ती निर्माण झाली होती.

डॉक्टर : मूठभर लोक, आणि तेही काचेच्या नळीत. शिवाय तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतो. शरीर नव्या भेटीत जुनीच ओळख उगाळते, याचा तोटाही आम्ही पाहिला आहे. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्येच हे सांगून ठेवले. प्रतिकारसंस्था पहिल्या गुरुजींनी घालून दिलेला कित्ताच जन्मभर गिरवीत राहते. २०२२ मध्ये जुना वाण आणि ओमायक्रॉन अशी जोडलस देऊन पाहिली. ओमायक्रॉनविरुद्ध अपेक्षेइतका लाभ होईना, आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी जुना वाण लशीतून वगळावा, अशी शिफारस केली. जुनी ओळख इतकी आड येते, तर नव्या आठ भावांची चित्रे एकदम दाखविल्याने काय साधणार?

प्राध्यापक : आठ हा आकडा तुम्ही सहज उच्चारलात, पण तो अगदी नेमका आहे, कारण कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत पामेला ब्योर्कमन यांच्या प्रयोगशाळेने आठच भावांची टोके घेऊन हा प्रश्न हाताळला. त्यांची कल्पना मला या सर्व विषयातील सर्वांत सुंदर वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. प्रथिनाचा एक अतिसूक्ष्म गोळा घ्यावयाचा, ज्यावर साठ जागा आहेत. आणि त्या जागांवर आठ निरनिराळ्या सार्बेकोव्हायरसांची टोके सरमिसळ करून बसवावयाची. आता प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशीच्या पृष्ठभागावर जे प्रतिपिंडासारखे ग्राही असतात त्यांना दोन बाहू असतात. ज्या पेशीचे ग्राही एखाद्या विषाणूच्या खास, बदलत्या भागाला ओळखतात, त्यांचा एक बाहू आपल्या टोकाला चिकटतो. दुसऱ्या बाहूला शेजारी मात्र बहुधा परके टोक भेटते आणि तो रिकामा राहतो. ज्या पेशीचे ग्राही सर्व भावांत समान असलेल्या भागाला ओळखतात, त्यांचे दोन्ही बाहू शेजारशेजारच्या दोन भिन्न टोकांना एकाच वेळी धरू शकतात. दोन बाहूंनी धरलेली पकड एका बाहूच्या पकडीहून कितीतरी पटींनी घट्ट. साहजिकच अशा पेशींना अधिक चेतना मिळते, त्यांची संख्या वाढते, आणि समान भागाविरुद्धची प्रतिपिंडे, जी एरवी मागे पडली असती, ती पुढे येतात. हे केवळ तर्कशास्त्र नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गोळ्यावर सार्सचे टोक मुद्दाम बसविलेच नव्हते. तरीही ती लस दिलेले उंदीर आणि माकडे सार्सच्या विषाणूपासून बचावली. केवळ कोव्हिडचे टोक बसविलेल्या गोळ्याने उंदरांना कोव्हिडपासून वाचविले, पण सार्सपासून वाचविले नाही. जो विषाणू लशीत नव्हता त्याच्यापासून रक्षण झाले, डॉक्टरसाहेब; व्यापक लशीची व्याख्या हीच नव्हे काय?

डॉक्टर : प्रयोग सुंदर आहे, हे मान्य. पण उंदीर म्हणजे माझ्या तालुक्यातील माणूस नव्हे; त्याच्या अंगात कोव्हिडचा आणि लशीच्या तीन मात्रांचा जुना कित्ता नसतो.

प्राध्यापक : तो कित्ता नेहमी आडच येतो असेही नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखविले की, जुन्या वाणाच्या लशीनंतर पुनःपुन्हा नव्या वाणांच्या मात्रा घेतलेल्या लोकांत जी प्रतिपिंडे उरतात त्यांतील बरीचशी समान भागांना ओळखणारी असतात, आणि ती दूरच्या सार्बेकोव्हायरसांनाही निकामी करतात. सिंगापुरात जे घडले त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

डॉक्टर : बरे. आता माझी खरी भीती सांगतो. अर्धवट प्रतिपिंडे घातकही ठरतात. मांजरांच्या करोनाच्या बाबतीत स्पाइकविरुद्ध लस दिलेली पिल्ले लस न दिलेल्या पिल्लांपेक्षा लवकर मेली. फिलिपाइन्समध्ये डेंग्यूच्या लशीने, ज्यांना पूर्वी डेंग्यू झाला नव्हता अशा मुलांत, पुढील आजार अधिक तीव्र होण्याचा धोका निर्माण केला, आणि त्यानंतर तेथील आईबापांचा गोवराच्या लशीवरचाही विश्वास उडाला. ज्या भावाविरुद्ध आपण लस देणार तो माणसांत नाही. मग चाचणी कोणावर घेणार? रुग्णच नाहीत, तर लशीने रुग्ण कमी झाले हे मोजणार कसे? जो विश्वास गमावला की परत मिळविण्यास एक पिढी लागते, तो विश्वास खर्चून मी गावात ही लस घेऊन कसा जाऊ?

(हा आक्षेप मला डॉक्टरांच्या सर्व आक्षेपांत सर्वाधिक जड वाटतो, कारण त्याला प्रयोगशाळेत उत्तर नाही.)

प्राध्यापक : कोव्हिडच्या लशींच्या बाबतीत मांजरांसारखा प्रकार जगभर दिलेल्या अब्जावधी मात्रांत दिसून आला नाही, ही मोठी जमेची बाजू आहे, पण धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही, आणि प्रत्येक नव्या रचनेची त्या दृष्टीने प्राण्यांत कसोशीने परीक्षा झालीच पाहिजे. चाचणीचे म्हणाल तर, व्यापक लस प्रथम कोव्हिडचीच लस म्हणून आणावी, ज्या विषाणूचे रुग्ण आहेत त्याच्याविरुद्ध तिने आपली योग्यता सिद्ध करावी, आणि व्याप्ती ही तिची अधिकची गुणवत्ता म्हणून रक्ताच्या तपासणीत दाखवावी. अमेरिकेच्या लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने फेरिटिन या प्रथिनाच्या गोळ्यावर स्पाइक बसवून केलेल्या लशीची माणसांवरील पहिली चाचणी एप्रिल २०२१ मध्येच सुरू केली, ती याच वाटेने.

डॉक्टर : ही वाट मला पटते. पण मग पैसा? मी पंचवीस वर्षे अंदाजपत्रके पाठविली आहेत. साथ असते तेव्हा तरतूद मागावी लागत नाही. साथ गेली की मंजूर तरतूदही परत जाते. सीईपीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने मार्च २०२१ मध्ये व्यापक करोना लशींसाठी २० कोटी डॉलरपर्यंत देऊ केले, तेव्हा जग भीतीने ग्रासलेले होते. आज भीती नाही.

प्राध्यापक : येथे मात्र आपले एकमत आहे, आणि त्याचा दाखला फार बोचरा आहे. २००३ च्या साथीत ८,०९६ माणसे आजारी पडली, ७७४ दगावली, आणि रोग नाहीसा होताच लशीचे कामही थंडावले. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोत्तात्झी यांनी सार्सच्या टोकावर आधारलेली लस नेटाने पुढे नेली. २०१६ पर्यंत तिचा साठा तयारही झाला. माणसांवर चाचणी करण्यास पैसे मिळाले नाहीत, आणि ती शीतपेटीत पडून राहिली. चार वर्षांनी सार्सचा भाऊ जगभर फिरू लागला. तेच तंत्र मग घाईने नव्या विषाणूला लावले, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीने ते हाती घेतले, आणि कोर्बेव्हॅक्स या नावाने ती लस मार्च २०२२ पासून आपल्याकडील १२ ते १४ वर्षांच्या मुलांना मिळू लागली. उलट बाजूही सांगतो. मर्सच्या स्पाइकमध्ये दोन ठिकाणी प्रोलिन हे अमिनो आम्ल घालून त्याचा आकार स्थिर ठेवण्याची युक्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीन वर्षांनी फायझर व मॉडर्ना या दोन्ही लशींत ती जशीच्या तशी वापरता आली. एका भावावर शांतपणे केलेले काम दुसऱ्याच्या वेळी हाताशी आले, म्हणून लस वर्षाच्या आत तयार झाली.

डॉक्टर : तर माझी मागणी लिहून घ्या. लशीइतकीच पाळतीची तरतूद हवी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केरळ, हिमाचल प्रदेश, पुदुच्चेरी आणि तामिळनाडू येथील वटवाघळांत करोना विषाणूंचे अंश शोधून काढले. ते कोव्हिडचे नव्हते, पण आपल्या देशातील वटवाघळांच्या अंगी काय आहे हे जाणण्याचे काम तेथून पुढे अखंड चालले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटी चालू राहिली पाहिजे. तुमची लस तयार होऊन गोदामात मुदत संपेपर्यंत पडली, तर तिने कोणाचे रक्षण केले?

प्राध्यापक : लिहून घेतले. त्यातील एकही अट मला जाचक वाटत नाही.

संवाद येथे थांबवितो. सर्व करोनांवर एक लस हे आज स्वप्न आहे, असे डॉक्टरांबरोबर मलाही वाटते. परंतु सार्सच्या पोटशाखेपुरती, तीव्र आजारापासून वाचविणारी लस ही साध्य वस्तू आहे, असे मानण्यास सिंगापुरातील त्या वाचलेल्या माणसांचे रक्त आणि कॅल्टेकचे उंदीर व माकडे हा पुरेसा आधार आहे. तिच्या चाचण्यांचा आणि वटवाघळांवरील पाळतीचा खर्च साथ नसलेल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घातला पाहिजे. ज्या वाचकांचा शब्द विधिमंडळात, विद्यापीठात वा एखाद्या औषधकंपनीच्या संचालक मंडळात चालतो, त्यांनी ही मागणी याच वर्षी लेखी करावी.